इटलीत रेल्वे की भाड्याची गाडी?

प्रश्न : रोम, फ्लॉरेन्स, टस्कनीतली खेडी आणि व्हेनिस १० दिवसांत पाहायचं आहे. सगळीकडे गाडी भाड्याने घ्यावी का?

उत्तर : मुळीच नको. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान रेल्वेने दीड तासाचं अंतर, शिवाय स्टेशनं भर शहरात. तिकीट आधी काढलंत तर बरंच स्वस्त पडतं. गाडी फक्त टस्कनीपुरती, तीनेक दिवस. फ्लॉरेन्सला घ्या, तिथेच परत करा. दुसऱ्या शहरात सोडली की सहसा जादा आकार पडतो. जुन्या वस्तीत ‘झेडटीएल’ची (मर्यादित वाहतूक क्षेत्राची) पाटी दिसली की आत शिरू नका. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र कित्येक महिन्यांनी घरी येतं. (माझ्याही आलं होतं!) जुन्या व्हेनिसमध्ये तर गाड्यांना रस्तेच नाहीत. निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा; मूळ परवानाही सोबत लागतो.