एम.एस्सी. नर्सिंग करायचंय? आधी तारखा बघा

एम.एस्सी. नर्सिंगला टक्के किती लागतात, हे ग्वाल्हेरच्या कुठल्याही नर्सिंगवाल्या मुलीला झोपेतून उठवून विचारलं तरी ती सांगेल : ५५. माझे त्याहून बरेच जास्त होते. अडलं ते भलतीकडेच.

बी.एस्सी.चा निकाल लागताच ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका नर्सिंग होममध्ये मी रुजू झाले. कौन्सिलची नोंदणी अजून व्हायची होती. डॉक्टर म्हणाले, "ती होत राहील, तुम्ही काम सुरू करा." रात्रपाळ्या केल्या, आयसीयू सांभाळलं. पुढे प्रवेशाच्या वेळी कागद तपासणाऱ्या बाईंनी अनुभवपत्र आणि नोंदणी प्रमाणपत्र शेजारीशेजारी ठेवलं आणि नोंदणीआधीचे महिने सरळ वजा केले. उरलेले वर्षाला पुरत नव्हते. त्या साली प्रवेश गेला. बाईंशी भांडून उपयोग नव्हता, नोंदणी नसलेल्या मुलीला कायदा परिचारिका मानत नाही. डॉक्टरांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. बिननोंदणीची मुलगी स्वस्तात मिळते, एवढंच.

म्हणून भारतीय नर्सिंग परिषदेची अट नीट वाचा. उमेदवार नोंदणीकृत परिचारिका आणि प्रसविका असावी, बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिकला ५५ टक्के असावेत (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सूट), आणि वर्षभराचा अनुभव असावा. मेख या अनुभवात आहे. चार वर्षांची बेसिक बी.एस्सी. केलेलीचं वर्ष पदवीनंतरचंच धरतात. जीएनएम करून पोस्ट बेसिकला गेलेलीला मात्र ते आधीचं असलं तरी चालतं. जीएनएमवाल्यांना आपल्याकडे उगाच खालचं समजतात, पण इथे त्या फायद्यात असतात. एम्सच्या एम.एस्सी.साठी ५५ टक्क्यांवर भागत नाही, तिथे खुल्या गटाला ६० लागतात.

दुसरी तपासणी कॉलेजची, आणि ग्वाल्हेरात तरी ती डोळ्यांत तेल घालून करावी. आपल्या राज्यातलं नर्सिंग कॉलेजांचं प्रकरण कुणाला नवं नाही. स्वतःचं १०० खाटांचं रुग्णालय कागदावर, एकच प्राध्यापिका चार कॉलेजांच्या यादीत, आणि 'नॉन-अटेंडिंग' नावाखाली फक्त परीक्षेपुरते येणारे विद्यार्थी. फेब्रुवारी २०२३मध्ये उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने परीक्षांनाच स्थगिती दिली. मग सीबीआयने कॉलेजं तपासली, तर मे २०२४मध्ये लाच घेऊन चांगले अहवाल दिल्याच्या आरोपावरून सीबीआयचेच अधिकारी पकडले गेले. योग्य ठरवलेली १६९ कॉलेजं न्यायालयाने न्यायिक अधिकाऱ्यांसमक्ष पुन्हा तपासायला लावली. माझी मावसबहीण २०२०-२१च्या तुकडीतली. कॉलेज तिनेच निवडलं होतं, फी मावशीने दागिने गहाण ठेवून भरली होती, आणि पहिल्या वर्षाची परीक्षा काही होत नव्हती. तिच्या बरोबरीच्या मुली बी.ए., बी.कॉम. होऊन मोकळ्या झाल्या.

तेव्हा दलालाने दाखवलेल्या चकचकीत माहितीपत्रकावर जाऊ नका. भोपाळच्या नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिलची त्या वर्षाची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता बघा, तीही एम.एस्सी.ची आणि तुमच्याच विषयाची. बी.एस्सी.ची मान्यता दाखवून एम.एस्सी.चे प्रवेश घेणारे महाभाग असतात. मग एका सकाळी पाळी बदलायच्या वेळी त्यांच्या रुग्णालयात जाऊन उभ्या राहा. खाटांवर रुग्ण आहेत का, हे दहा मिनिटांत कळतं.

विषय निवडताना ग्वाल्हेरकरांना खरं म्हणजे निवडीला वाव आहे. प्रसूती किंवा बालरुग्ण विषय घेतलात तर कमला राजा रुग्णालय आहे, मेडिकल-सर्जिकलला जयारोग्य, मनोविकाराला मानसिक आरोग्यशाला. सामुदायिक आरोग्य हा पाचवा विषय. मात्र तुमच्या कॉलेजच्या विद्यार्थिनींना तिथे पोस्टिंग मिळतं का, हे लेखी विचारा. आयसीयूत रमणाऱ्यांसाठी नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रमही आहे. तो फारसं कुणी सुचवत नाही, का ते मला आजवर उमगलेलं नाही.

आणि एम.एस्सी. हवीच का, हेही आधी ठरवा. कॉलेजात प्राध्यापिका व्हायचं असेल तर तिला पर्याय नाही. पण सरकारी नोकरी एवढंच डोळ्यांसमोर असेल, तर एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदासाठी होणाऱ्या नॉरसेटला बी.एस्सी. पुरते. जीएनएम असाल तर किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. दोन वर्षं आणि लाखभराहून जास्त फी घालण्याआधी ही परीक्षा देऊन बघावी, असं माझं मत.

महाराष्ट्रात जाऊन शिकायचा किंवा नोकरीचा बेत असेल, तर मध्य प्रदेशातली नोंदणी तिकडच्या परिषदेकडे वळवायला वेळ लागतो. अर्ज निघायची वाट न बघता ते काम हाती घ्या.

आता जिथे कुठे काम करत असाल तिथलं अनुभवपत्र आजच मागा. त्यावर रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, विभाग, खाटांची संख्या आणि तुमचा नोंदणी क्रमांक असू द्या. नोकरी सोडल्यावर ते मागायला गेलं की साहेब बाहेरगावी असतात.