नावाचा हक्क : सर फेबियन वेअर यांच्या जीवनकार्यातून एक धडा

पहिले महायुद्ध शिकविताना आम्ही शिक्षक बहुधा कारणे, तह आणि मृतांचे आकडे सांगून पुढील प्रकरणाकडे वळतो. त्या आकड्यांमागील एकेका माणसाचे नाव शोधण्यासाठी ज्यांनी आपले उर्वरित आयुष्य वेचले, त्या सर फेबियन वेअर यांचा उल्लेख मात्र राहून जातो. आरंभी तेही शाळेत शिकवीत असत. म्हणून आमच्या शाळेच्या स्मरणिकेत त्यांचा परिचय करून देणे आम्हांस उचित वाटते.

वेअर यांचा जन्म १८६९ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे झाला. सुमारे दहा वर्षे अध्यापन, मग दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालच्या शिक्षण खात्यात अधिकारपद आणि पुढे लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ या दैनिकाचे संपादकत्व, असा त्यांचा प्रवास झाला. १९१४ साली युद्ध पेटले तेव्हा त्यांचे वय पंचेचाळीस होते. वयामुळे सैन्याने त्यांना नाकारले. तेव्हा रेडक्रॉसच्या एका फिरत्या पथकाचे प्रमुख म्हणून ते फ्रान्समध्ये गेले.

तेथे त्यांनी पाहिले की, सैनिक जेथे पडे तेथेच त्याला घाईने पुरले जाई. वर एखादा लाकडी क्रूस, कधी नावाची चिठ्ठी घातलेली बाटली. पाऊस आणि तोफगोळे यांपुढे या खुणा किती टिकणार? कोण कोठे पुरला गेला, याची नोंद ठेवणे सैन्यात कोणाचेच काम नव्हते. वेअर यांच्या पथकाने ते आपणहून अंगावर घेतले. १९१५ साली सैन्याने या कामास अधिकृत मान्यता दिली आणि एकेकाळी नाकारलेला हा शिक्षक पुढे मेजर जनरल झाला. मे १९१७ मध्ये इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन स्थापन झाले. त्याचे उपाध्यक्षपद वेअर यांनी १९४८ पर्यंत सांभाळले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

युद्ध थांबल्यावर सैन्याच्या शोधपथकांनी रणभूमी चौकोनांत विभागून पिंजून काढली. गवताचा बदललेला रंग, खड्ड्यातील काळपट हिरवे पाणी या खुणांवरून ती उकरीत असत. ओळखबिल्ला, बुटावरील क्रमांक, चमच्यावर कोरलेली अक्षरे यांवरून नाव ठरविले जाई. १९२१ पर्यंत दोन लाखांहून अधिक मृतदेहांचे अशा रीतीने पुन्हा दफन झाले.

वेअर यांनी आग्रहाने धरलेले तत्त्व समतेचे होते. १९१५ मध्ये माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या नातवाचा मृतदेह मायदेशी नेण्यात आला. गरिबाच्या आईला हे कसे शक्य होते? त्यानंतर मृतदेह परत नेण्यास बंदी झाली. सेनापती असो वा साधा शिपाई, दोघांच्या कबरींवरील शिला एकाच मापाच्या असाव्यात, असे ठरले. अनेक शोकाकुल कुटुंबांनी विरोध केला, १९२० साली ब्रिटिश संसदेत वाद झाला, पण तत्त्व टिकले.

येथेच हा पाठ संपविला तर तो अर्धवट राहील. युरोपात पाळलेली ही समता आफ्रिका आणि पश्चिम आशियात पोहोचेपर्यंत तोकडी पडली. फ्रान्समधील नव शापेल येथे भारतीय शिपायांची नावे कोरली गेली. परंतु १९२९ मध्ये उभारलेल्या बसरा येथील स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे आली आणि शिपायांची केवळ संख्या. हे सारे वेअर यांच्याच कारकिर्दीत घडले. २०२१ साली या संस्थेच्याच चौकशी समितीने मान्य केले की, किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांचे नावाने स्मरण झाले नाही, किंवा कदाचित मुळीच स्मरण झाले नाही. यांतील बहुसंख्य आफ्रिका आणि मध्यपूर्वेतील होते. संस्थेने क्षमा मागितली.

‘इतकी नावे कोरणे शक्य नव्हते’ असे कोणी म्हणेल, तर आमच्याकडे भीमेच्या काठी उत्तर उभे आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या साध्या शिपायांची, ‘नाक’ शब्दाने संपणारी नावे कोरेगावच्या स्तंभावर बसऱ्याच्या शंभर वर्षे आधी कोरली गेली होती. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्याच स्तंभापुढे उभे राहिले. ज्यांना गावात धड नावाने हाक मारली जात नसे, त्यांच्या वंशजांसाठी ती अक्षरे म्हणजे इतिहासाचा पुरावा होता.

वेअर यांचे मोठेपण आम्ही नाकारीत नाही. मात्र समतेची घोषणा करणारी संस्थाही प्रत्येक शिलेपाशी तपासून पाहावी लागते, हा धडा त्यांच्याच कार्यातून मिळतो.

माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी पलटणीत गेलेल्या आजोबा-पणजोबांची पदके, पेन्शनची कागदपत्रे ट्रंकेच्या तळाशी पडून असतील. आजींना विचारून त्यांचे नाव, गाव आणि पलटण वहीत उतरवून ठेवावी. हे काम सांगण्यासाठी कोणताही आयोग आमच्या दारी येणार नाही.