कूलंटमध्ये तेलाचा तवंग : निदान आणि दक्षता

वाराणसीच्या दशाश्वमेध घाटावर सायंकाळच्या गंगाआरतीला नावांची दाटी होते. या नावांना दीर्घकाळ शेतीपंपाच्या जातीचीच छोटी डिझेल इंजिने होती. २०२१ पासून त्यांच्या जागी सीएनजी इंजिने बसवण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. नदीचे पाणी ओढून, सिलिंडरभोवती फिरवून पुन्हा नदीत सोडणाऱ्या इंजिनात बिघाड झाला, तर तेल थेट प्रवाहात मिसळते. ट्रॅक्टर किंवा जीपमध्ये शीतन व्यवस्था बंदिस्त असल्याने हेच तेल रेडिएटरमध्ये साचते. ते वेळीच ओळखले, तर एखादा भाग बदलून भागते. दुर्लक्ष झाल्यास संपूर्ण इंजिन उतरवावे लागते.

दाबाचा नियम

द्रव अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जातो, हे निदानाचे मूळ सूत्र होय. चालू इंजिनात तेलाचा दाब सामान्यतः कूलंटच्या दाबापेक्षा बराच अधिक असतो. म्हणून दोहोंमधील पडदा फुटला की तेल कूलंटमध्ये शिरते. इंजिन बंद केल्यावर तेलाचा दाब लगेच उतरतो. गरम कूलंटचा दाब मात्र काही काळ टिकतो आणि कूलंट उलट तेलात झिरपू शकते. त्यामुळे रेडिएटर आणि डिपस्टिक, दोन्ही तपासणे अगत्याचे आहे.

लक्षणांची ओळख

रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडावे. आत दह्यावरील सायीसारखा तपकिरी किंवा करडा, बुळबुळीत थर आढळल्यास तेलाचा संशय घ्यावा. केवळ तांबूस गढूळपणा हा गंजाचाही असतो. थोडे कूलंट काचेच्या बाटलीत घेऊन काही तास स्थिर ठेवावे : गंज तळाशी बसतो, तेल वर तरंगते. ऑटोमॅटिक गिअर असलेल्या वाहनात त्या तेलाचा कूलरही अनेकदा रेडिएटरमध्येच असतो. अशा वेळी थराला गुलाबी छटा दिसू शकते आणि दोष इंजिनात नसतो.

उगम शोधण्याचा क्रम

१. कूलंटमध्ये तेल आहे, पण डिपस्टिकवरील तेल स्वच्छ आहे आणि इंजिन तापत नाही : प्रथम ऑइल कूलर तपासावा. तो सोडवून, एका बाजूने हवेचा दाब देऊन पाण्यात बुडवल्यास गळती बुडबुड्यांनी उघड होते.

२. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, पाणी उसळते, पांढरा धूर निघतो : हेड गॅस्केट फाटले असण्याची किंवा हेडला तडा गेला असण्याची शक्यता अधिक. मात्र नव्याने कूलंट भरल्यानंतर काही काळ येणारे बुडबुडे अडकलेल्या हवेचे असू शकतात.

३. डिपस्टिकवर दुधाळ तेल : तेलात पाणी आहे. शीतपाण्याच्या पंप इंजिनात लायनरच्या खालच्या रबरी रिंगा झिजल्यानेही असे होते.

हा क्रम न पाळता थेट हेड उघडल्यास मजुरी आणि हंगामातील दिवस, दोन्ही वाया जातात.

दुरुस्तीनंतर

तेल आढळताच इंजिन चालवणे थांबवावे. दोष दूर केल्यावर शीतन व्यवस्था योग्य क्लीनरने, पाणी निर्मळ येईपर्यंत धुवावी. तेलाने फुगलेले, मऊ पडलेले रबरी होज बदलावेत आणि थर्मोस्टॅट तपासावा. तेलात पाणी गेले असल्यास तेल व फिल्टर दोन्ही नवे घालावेत.

काढलेले द्रव कोठे जाते?

इथिलीन ग्लायकॉलयुक्त कूलंट चवीला गोड आणि विषारी असते. जनावरे व कुत्री ते चाटतात. तेलाचा पातळ तवंगही जलकीटकांना घातक ठरतो. पृष्ठभागावर श्वासनलिका टेकवून श्वास घेणाऱ्या डासांच्या अळ्या तवंगाने गुदमरतात, म्हणून पूर्वी डास नियंत्रणासाठी साचलेल्या पाण्यावर तेल टाकत असत. परंतु तोच तवंग त्या अळ्या खाणाऱ्या पाणभुंग्यांनाही मारतो. म्हणून धुवणीचे पाणी ओढ्यात, विहिरीजवळ किंवा शेततळ्यालगत ओतू नये. ते झाकणबंद डब्यात साठवून, वापरलेले तेल स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे.

घाटावरील तवंग सर्वांच्या नजरेस पडतो. रेडिएटरमधील तवंग झाकण उघडल्याखेरीज दिसत नाही. हंगामापूर्वी थंड इंजिनाचे झाकण आणि डिपस्टिक पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.