मेरी कार्डवेल डॉसन आणि त्यांची ऑपेरा-मंडळी

विद्यार्थिमित्रहो, आपल्या संगीत नाटकांत पात्रें कांहीं वेळ बोलतात व कांहीं वेळ गातात. पाश्चात्त्य देशांतील ‘ऑपेरा’ नांवाच्या नाट्यप्रकारांत बहुधा सर्व संभाषण गाण्यांतूनच चालतें. शिवाय त्यास मोठा वाद्यवृंद व समूहगायकांची साथ असते. म्हणून ऑपेरा उभा करणें हें एकट्यादुकट्याचें काम नव्हे. ज्यांस मोठ्या रंगमंदिरांचीं दारेंच बंद होतीं, अशा लोकांनीं हें काम कसें तडीस नेलें, ती हकीकत आज आम्ही सांगणार आहों.

मेरी कार्डवेल ह्यांचा जन्म १८९४ सालीं अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलिना राज्यांत एका आफ्रिकी-अमेरिकन कुटुंबांत झाला. पुढें हें कुटुंब पिट्सबर्गजवळील होमस्टेड ह्या पोलादाच्या गांवीं येऊन राहिलें. मेरीबाईंनीं बॉस्टन येथील न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरींत संगीताचें शिक्षण घेऊन १९२५ सालीं पदवी मिळविली. विद्या पदरीं होती. पण तिला वाव कोठें होता? वेर्दीच्या ‘आइडा’ ह्या ऑपेराचेंच उदाहरण घेऊं. त्याची नायिका इथिओपियाची राजकन्या आहे. परंतु न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन रंगभूमीवर ती भूमिका गोऱ्या गायिका तोंडास रंग फांसून करीत, आणि आफ्रिकी वंशाच्या गायिकेस मात्र ती मिळत नसे!

मेरीबाई तक्रार करीत बसल्या नाहींत. विवाहानंतर त्या डॉसनबाई झाल्या, आणि १९२७ सालीं त्यांनीं पिट्सबर्ग येथें संगीतशाळा काढली. पुढें जॅझ-वादक म्हणून कीर्ति मिळविणारे अहमद जमाल हे लहानपणीं त्यांच्याच हाताखालीं शिकले. १९४१ सालीं बाईंनीं ‘नॅशनल नीग्रो ऑपेरा कंपनी’ स्थापन केली, आणि त्याच वर्षीं ३० ऑक्टोबर रोजीं पिट्सबर्गच्या सिरिया मॉस्क ह्या सभागृहांत पहिला प्रयोग केला. नाटक कोणतें? तेंच ‘आइडा’! नायिकेची भूमिका ला जूलिया री ह्या आफ्रिकी-अमेरिकन गायिकेनें केली.

ह्या मंडळीची रचना ध्यानांत घेण्याजोगी आहे. वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, शिकागो अशा शहरांतून तिच्या शाखा निघाल्या. त्या त्या ठिकाणचे लोक समूहगायनासाठीं तयार केले जात. त्यामुळें प्रयोग पाहणाऱ्यास रंगमंचावर आपलेच शेजारी दिसत. पैशाची ओढाताण शेवटपर्यंत सुटली नाहीं. तालमी मात्र सुटल्या नाहींत.

१९३९ सालीं वॉशिंग्टन शहरांतील कॉन्स्टिट्यूशन हॉल थोर गायिका मेरियन अँडरसन ह्यांस केवळ वर्णामुळें नाकारण्यांत आला होता. त्याच शहरीं १९४३ सालीं डॉसनबाईंनीं पोटोमॅक नदींतील तरंगत्या रंगमंचावर ‘ला त्राव्हियाता’चा प्रयोग केला. प्रेक्षक नदीकांठच्या पायऱ्यांवर बसले होते. तेथें काळ्यांची व गोऱ्यांची निरनिराळी बैठक नव्हती.

पुढें ७ जानेवारी १९५५ रोजीं मेरियन अँडरसन मेट्रोपॉलिटनमध्यें गायिल्या. त्याच महिन्यांत रॉबर्ट मॅक्फेरिन हेही तेथें उभे राहिले. ते पूर्वीं डॉसनबाईंच्या मंडळींत गायिले होते. १९५६ सालीं खुद्द बाईंच्या मंडळीनेंही त्याच रंगमंदिरांत प्रयोग केला. १९६२ सालीं बाई निवर्तल्या आणि मंडळीही बंद पडली. तथापि २०२१ सालीं ग्लिमरग्लास महोत्सवांत त्यांच्या जीवनावरील संगीत नाटक रंगभूमीवर आलें, आणि नव्या पिढीस त्यांचें नांव कळलें.

बालकांनो, गुणाचें चीज होत नाहीं म्हणून खंत करणारे पुष्कळ असतात. डॉसनबाईंसही ती खंत असेलच. पण दार उघडण्याची वाट पाहत असतां त्यांनीं शेंकडों कंठ तयार करून ठेविले. म्हणूनच दार उघडलें त्या दिवशीं आंत जावयास माणसें होतीं. पालकांनींही हें मनांत वागवावें, अशी आमची विनंति आहे.