शूटिंग रेंजवर एवढे कडक नियम कशासाठी?

इथे ब्रिटनमध्ये एखाद्या रायफल क्लबच्या 'गेस्ट डे'ला गेलात, तर बंदूक हातात यायला बराच वेळ लागतो. आधी फॉर्म भरायचा, मग सूचना ऐकायच्या, मग कानावर मफ आणि डोळ्यांवर चष्मा. अखेर मोजक्या गोळ्या मिळतात, आणि त्याही शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली. आपल्यापैकी कुणीतरी हमखास कुरकुरतं, "एवढ्याशा पॉइंट टू-टू रायफलीसाठी इतका थाट?" या प्रश्नाचं उत्तर शाळेतल्या भूमितीत आणि भौतिकशास्त्रात सापडतं.

दोन बोटांचं अंतर

१८६० साली विंबल्डनला नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा भरली. पहिली गोळी राणी व्हिक्टोरियाने झाडली. रायफल आधीच नेम धरून एका स्टँडवर पक्की बसवली होती आणि राणीने फक्त रेशमी दोरी ओढली. ४०० यार्डांवर गोळी लक्ष्याच्या मध्याजवळ लागली. स्टँड हलत नाही, माणसाचा हात मात्र हलतो.

किती हलला तर बिघडतं? समजा रायफल १ मीटर लांब आहे, तिचा दस्ता खांद्याला टेकलेला आहे आणि लक्ष्य ५० मीटरवर आहे. समरूप त्रिकोणांच्या नियमाने नळीचं तोंड १ सेंटिमीटर सरकलं, तर गोळी लक्ष्याशी ५० सेंटिमीटर सरकते. आता लक्ष्यामागचा मातीचा बांध नेमाच्या रेषेपेक्षा २ मीटर उंच आहे असं धरा. नळी फक्त ४ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम दोन बोटं वर गेली, की गोळी बांधाच्या माथ्यावर पोहोचते. त्याहून जरा वर गेली की बांधापलीकडे. आखूड पिस्तुलात हीच चूक आणखी मोठी होते. २० सेंटिमीटरच्या पिस्तुलाचं तोंड १ सेंटिमीटर हललं, तर ५० मीटरवर अडीच मीटरचा फरक पडतो.

म्हणून पहिला नियम असा: नळी कायम लक्ष्याच्या दिशेने. मित्राला काही विचारायचं असेल तर मान वळवा, बंदूक नको.

बांध ओलांडल्यावर काय?

पॉइंट टू-टूची साधी गोळी सुमारे २.६ ग्रॅमची असते आणि सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास वेगाने निघते. तिची गतिज ऊर्जा साधारण १४० ज्यूल भरते. वेगवान गोलंदाजाने ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूची ऊर्जा १२० ज्यूलच्या आसपास येते. फरक असा, की चेंडूचा मारा तळहाताएवढ्या जागेवर पसरतो, तर गोळीचा सगळा मारा वाटाण्याहून लहान जागेवर एकवटतो.

हवा नसती तर ही गोळी ११ किलोमीटर गेली असती. हवेच्या विरोधामुळे ती फार तर दीड किलोमीटरच्या आसपास पोहोचते. सैन्याच्या ७.६२ मिलिमीटर रायफलीची गोळी याच्या दुपटीहून जास्त दूर जाते. म्हणून मोठ्या रेंजमागे मैलोन्‌मैल मोकळी जमीन राखलेली असते आणि गोळीबार चालू असताना लाल निशाण फडकतं. विंबल्डनभोवती वस्ती वाढत गेली, तशी ही स्पर्धाही १८९० मध्ये सरे परगण्यातल्या बिस्लीला हलली. २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेतली नेमबाजीही बिस्लीलाच झाली. आपल्या अंजली भागवत यांनी तिथे चार सुवर्णपदकं जिंकली.

न फुटलेला सुतळी बॉम्ब

चाप ओढला आणि बार उडालाच नाही, तर नवखा माणूस काय करतो? बंदूक वळवून बघतो. दिवाळीत वात जळूनही न फुटलेल्या सुतळी बॉम्बवर वाकायचं नसतं, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. इथेही तसंच आहे. काडतुसातली दारू कधीकधी उशिरा पेट घेते. म्हणून नळी लक्ष्याकडेच ठेवून थांबायचं आणि दुसरा हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवायचं. याउलट, बार उडाला पण आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. पुढची गोळी तिच्यावर आदळली तर नळी फाटते.

नेम धरेपर्यंत बोट चापावर नको, हा नियम आपल्या स्नायूंमुळे आला आहे. माणूस दचकला किंवा अडखळला, की मूठ आपोआप आवळली जाते. ते थांबवायला मेंदूला वेळच मिळत नाही.

न दिसणारी इजा

पॉइंट टू-टू रायफलीचा आवाज १४० डेसिबलच्या आसपास जातो, मोठ्या रायफलींचा त्याहूनही वर. ब्रिटनमधल्या कामाच्या जागांसाठी क्षणिक आवाजाची कायदेशीर मर्यादाही १४० डेसिबलच आहे. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे 'फक्त एकच गोळी' म्हणून मफ काढणं महागात पडतं.

दुसरी इजा शिशाची. गोळीत शिसं असतं आणि काडतुसाच्या ठिणगी देणाऱ्या भागातही शिशाचं संयुग असतं. त्याची बारीक धूळ हाताला, कपड्यांना लागते. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला शिसं जास्त बाधतं. म्हणून रेंजवर खाणंपिणं बंद, आणि बाहेर पडल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय वड्याला हात लावायचा नाही.

एक नियम पुरत नाही का?

मँचेस्टर विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी अपघातांसाठी भोकं असलेल्या चीझच्या चकत्यांची उपमा दिली. प्रत्येक नियम म्हणजे एक चकती. प्रत्येकीत कुठेतरी भोक असतंच, पण सगळी भोकं एका रेषेत आली तरच अपघात होतो. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, नळी लक्ष्याकडे ठेवा, बोट चापाबाहेर ठेवा, हे तीन नियम. समजा प्रत्येक नियम शंभरात एकदा विसरला जातो. या चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर तिन्ही एकदम होण्याची शक्यता दहा लाखांत एक.

यातली मेख 'स्वतंत्र' या शब्दात आहे. घाईत किंवा उत्साहात असलेला माणूस तिन्ही नियम एकदमच विसरतो. म्हणून एक चकती त्याच्या डोक्याबाहेर हवी. रेंज ऑफिसर ती चकती असतो. तो स्वतः नेम धरत नाही आणि त्याने 'स्टॉप' म्हटलं की वाद न घालता थांबायचं असतं. मुरलेले नेमबाजही यातून सुटत नाहीत. ऑलिंपिकमध्येसुद्धा बंदूक रिकामी आहे हे दिसावं म्हणून तिच्यात भडक नारिंगी दोरी घालून ठेवावी लागते.

आणि तो फॉर्म?

१३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिका गोळीबारात मारल्या गेल्या. मारेकऱ्याकडच्या बंदुका परवान्याच्या होत्या. त्यानंतर ग्रेट ब्रिटनमध्ये बहुतेक सगळ्या पिस्तुलांवर बंदी आली. तीन महिने किंवा त्याहून जास्त कैद झालेल्यांना बंदूक हाताळायला मनाई करणारा कायदा १९६८ पासूनच आहे. तुरुंगवासाची चौकशी करणारा फॉर्मवरचा प्रश्न तिथून येतो. सरकारमान्य क्लबला वर्षाला बाराच 'गेस्ट डे' भरवता येतात आणि प्रत्येकाची खबर पोलिसांना ४८ तास आधी द्यावी लागते.

तुमच्या मुलाने किंवा मुलीने युनिव्हर्सिटीच्या रायफल क्लबात नाव घालायचं म्हटलं, तर घाबरून नाही म्हणू नका. एकदा सोबत जा आणि सूचना कशा दिल्या जातात ते ऐका. कुणी सूचना देताना घाई करत असेल, 'चालतंय हो' म्हणत असेल, तर तो क्लब सोडा. आणि एखाद्या शिकाऊ पोराने जराशी नळी वळवल्यावर सगळी रेंज थांबवली जात असेल, तर तिथे खुशाल नाव घाला.