एजंटच्या हातात टर्मिनल देताना

आमची पुण्यातली टीम छोटी आहे. बिलिंगचं सॉफ्टवेअर जँगोवर चालतं. एआय एजंटसाठीच्या सूचनांच्या फाइलमध्ये पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, जुन्या मायग्रेशनला (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइलला) हात लावायचा नाही. फेल होणारी एक टेस्ट एजंटकडे दुरुस्तीला दिली, तेव्हा त्याने जुन्याच मायग्रेशनमध्ये एक कॉलम वाढवला. सगळ्या टेस्ट पास झाल्या, लांबलचक डिफमध्ये ती ओळ कुणाच्या नजरेत आली नाही, आणि प्रॉडक्शनवर इनव्हॉइसचं पान उघडेना.

असं का झालं ते समजून घ्या. टेस्टसाठी जँगो नवा डेटाबेस तयार करून सगळी मायग्रेशन्स पहिल्यापासून चालवतो, म्हणून तिथे कॉलम येतो. प्रॉडक्शनच्या डेटाबेसमध्ये मात्र त्या फाइलचं नाव आधीच चालवलेली म्हणून नोंदलेलं असतं. आतला मजकूर बदलला तरी ती पुन्हा चालत नाही. हिरव्या टेस्ट पाहून हा घोटाळा कळणारच नाही.

मग मायग्रेशनच्या फोल्डरपुरतं एजंटचं फाइल एडिट करण्याचं टूल बंद केलं. पुढच्या वेळी एजंटने टर्मिनलमधून सेड ही कमांड चालवून तीच फाइल बदलली. त्यात खोडसाळपणा शोधू नका. टेस्ट पास करायचं काम त्याला दिलं होतं. एक वाट बंद होती, दुसरी उघडी. ज्याच्या हातात टर्मिनल, त्याच्या हातात सगळी टूल्स, हे आधी ध्यानात घ्यावं असं मला कळकळीने वाटतं.

जुलै 2025 मध्ये रेप्लिट या कोडिंग प्लॅटफॉर्मच्या एजंटने तो वापरणारे उद्योजक जेसन लेमकिन यांचा प्रॉडक्शन डेटाबेस पुसला, तेव्हाही बदल करू नकोस असं त्याला स्पष्ट बजावलेलं होतं. कंपनीने नंतर जाहीर केलेल्या उपायांत मुख्य होता तो डेव्हलपमेंट आणि प्रॉडक्शनचे डेटाबेस वेगळे करण्याचा.

म्हणून एजंट कंटेनरमध्ये चालवा आणि जपायचे फोल्डर त्यात रीड-ओन्ली माउंट करा. मग सेड असो की पायथन, लिहिताच येत नाही. नवं मायग्रेशन आम्ही स्वतः बनवतो. त्यात वेळ जातो, तो जाऊ द्यावा. प्रॉडक्शनचा पासवर्ड त्या कंटेनरमध्ये ठेवूच नका. सीआयमध्ये तपासणी घाला: मायग्रेशनची नवी फाइल आली तर ठीक, जुनी बदलली तर बिल्ड फेल. ही तपासणी ज्या फाइलमध्ये आहे तीही एजंटच्या आवाक्याबाहेर हवी, आणि मेन ब्रँचवर मर्ज करण्याचा हक्क त्याच्या टोकनला नको.

क्लॉड कोड या एजंटमध्ये टूल चालण्याआधी आपली स्क्रिप्ट चालवणारे हुक असतात. स्क्रिप्टने 2 हा एक्झिट कोड दिला की टूल थांबतं आणि आपण लिहिलेलं कारण एजंटपर्यंत पोचतं. ते कारण नीट लिहा. नुसतं ‘मनाई’ लिहिलं तर तो दुसरी वाट शोधू लागतो. ‘ही फाइल प्रॉडक्शनवर चालून गेली आहे, नवं मायग्रेशन लागेल असं सांग आणि थांब’ असं लिहिल्यावर आमच्याकडे एजंट बहुतेक वेळा थांबला.

प्रत्येक कमांडला परवानगी मात्र मागायला लावू नका. माणूस कंटाळतो आणि न वाचता ‘हो’ दाबत सुटतो. वाचणं, शोधणं, टेस्ट चालवणं मोकळं सोडा. पॅकेज बसवणं, पुश आणि गिट क्लीन यांच्यासाठी विचारणा ठेवा, कारण गिटमध्ये कधीच न टाकलेली फाइल गिट क्लीनने उडवली तर गिट ती परत देऊ शकत नाही.