मागचं हाउसिंग बदलल्यावर प्रॉपेलर शाफ्ट कसा जोडावा

सेकंड इयरच्या थिअरी ऑफ मशिन्समध्ये हूक्स जॉइंट येतो. डेरिव्हेशन लांबलचक, मार्क बरे, म्हणून बहुतेक जण पाठ करून जातात. पण तो जॉइंट ट्रकखाली नेमका कुठे असतो आणि चुकीचा बसला तर काय होतं, हे विचारलं तर निम्मा वर्ग गप्प बसेल. गेल्या सुट्टीत मी नगर-पुणे रस्त्यावरच्या एका ट्रक गॅरेजात महिनाभर जात होतो. तिथे पाहिलेलं पुस्तकाशेजारी ठेवून लिहितो आहे.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात हे काम बरंच निघतं, कारण ऊस. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या सुमारास सुरू झाला आणि पुढे जिल्हाभर कारखाने उभे राहिले. भरलेला ट्रक शेतातल्या मऊ जमिनीतून बाहेर निघतो तेव्हा सगळा जोर क्राऊन-पिनियनवर येतो. ते गेलं, किंवा हाउसिंगलाच तडा गेला (गॅरेजात अख्ख्या मागच्या ॲक्सलला हाउसिंगच म्हणतात), की मालक जुन्या बाजारातून दुसरं हाउसिंग आणतो. हंगाम चालू, बँकेचा हप्ता चालू, गाडी संध्याकाळपर्यंत हवी. मग हाउसिंग नीट बसतं, पण प्रॉपेलर मात्र 'चार बोल्ट तर आहेत' म्हणून घाईत जोडला जातो.

आधी जिवाची गोष्ट. प्रॉपेलर काढला की गिअरबॉक्सचा आणि चाकांचा संबंध तुटतो. गाडी गिअरमध्ये आहे म्हणून जागेवर राहील, हा भरवसा तिथेच संपतो. हाउसिंग काढताना मागचे ब्रेकही सुटतात. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, चेसिसखाली घोड्या, आणि मगच पाना हातात.

आता मुख्य मुद्दा. हूक्स जॉइंट कोनात फिरतो तेव्हा पुढचा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरला तरी मागचा तसा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन १० अंश आणि वेग २००० आरपीएम धरा. मागच्या बाजूचा वेग १९७० ते २०३१ च्या मध्ये हेलकावे खातो, सेकंदाला साधारण ६७ वेळा. यावर उपाय म्हणजे दुसरा जॉइंट. तो पहिल्याची चूक उलटी करून पुसतो, पण दोन अटींवर: दोन्हीकडचे कोन सारखे हवेत, आणि मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. पुस्तकात याला 'इन फेज' म्हणतात. मिस्त्री योकच्या दोन फाट्यांना 'कान' म्हणतात आणि 'कान एका रेषेत' एवढंच सांगतात. मला तरी ही व्याख्या जास्त पटली. कान ९० अंशांनी चुकले तर चूक पुसली जाण्याऐवजी दुप्पट होते, म्हणजे वरच्या उदाहरणात १९४० ते २०६२.

हे घडतं कसं? प्रॉपेलरचा एक भाग दुसऱ्यात स्प्लाइनवर सरकतो. काम करताना हे दोन भाग वेगळे होतात आणि परत घालताना कुठल्याही दातावर बसतात. स्प्लाइन सोळा दातांची असेल तर एक दात चुकला की साडेबावीस अंश गेले. म्हणून काढण्याआधी दोन्ही भागांवर पंचने खूण करायची. खडूची खूण ग्रीसच्या हाताने पुसली जाते. बऱ्याच शाफ्टवर कंपनीचे बाण असतातच, फक्त वरचा चिखल खरवडावा लागतो.

मी तिथे असताना एक ट्रक आला. हाउसिंग दुसरीकडे बदललेलं, त्यानंतर सेंटर बेअरिंग दोनदा नवीन घातलेलं, तरी चाळीसच्या वर केबिन थरथरायची. मिस्त्री बॅटरी घेऊन खाली शिरले आणि मिनिटाभरात बाहेर आले. कान वाकडे होते. बेअरिंग बिचारं दुसऱ्याचा मार खात होतं.

हाउसिंग वेगळ्या मॉडेलचं असेल तर कान जुळवूनही भागत नाही. पिनियनचं तोंड वर-खाली झालेलं असतं. गिअरबॉक्सच्या आउटपुटची रेषा आणि पिनियनची रेषा समांतर हव्यात. कोन मोजताना गाडी स्वतःच्या चाकांवर उभी हवी. जॅकवर उचललेली असेल तर पाटे लोंबकळतात आणि माप खोटं येतं. फरक निघाला तर पाटे आणि हाउसिंगची बैठक यांच्यामध्ये पाचरीसारखी पट्टी घालतात.

मग लांबी. गाडी भरली की पाटे सपाट होतात, हाउसिंग थोडं सरकतं आणि दोन फ्लँजमधलं अंतर बदलतं. स्प्लाइनला दोन्ही बाजूंनी सरकायला जागा हवी. आत जागा नसेल तर शाफ्ट गिअरबॉक्सच्या आणि पिनियनच्या बेअरिंगला ठोसे देतो. बाहेर फार निघाला तर थोड्याच दातांवर सगळा टॉर्क येतो.

लांबी जुळली नाही की पाइप कापून वेल्डिंग करण्याचा मोह होतो. तसं केल्यावर बॅलन्सिंग करून घ्यावंच लागतं. आणि सेंटर बेअरिंग काढून एकच लांब शाफ्ट टाकण्याची कल्पना तर नकोच. ९० मिलिमीटर बाहेरच्या आणि ८३ मिलिमीटर आतल्या व्यासाचा स्टीलचा पाइप घ्या. दोन्ही टोकं सिंप्ली सपोर्टेड धरली तर दीड मीटर लांबीला क्रिटिकल स्पीड येतो साधारण ६६०० आरपीएम. अडीच मीटरला तोच २४०० च्या खाली येतो, कारण लांबीचा वर्ग खाली छेदात आहे. चाकाचा घेर सव्वातीन मीटरच्या आसपास आणि रेशो ४१ ला ६, म्हणजे ६.८३, धरला तर ताशी ६० किलोमीटरला प्रॉपेलर २१०० च्या आसपास फिरतो. थोडा उतार मिळाला की तो पाइप दोरीच्या उडीसारखा फिरायला लागेल.

करंजी घाट उतरताना भरलेल्या गाडीला इंजिन मागे ओढून धरतं ते याच शाफ्टमधून. शाफ्ट तुटला की तो आधार क्षणात जातो, सगळा भार ब्रेकवर. पुढचा जॉइंट तुटला तर टोक रस्त्यात रुतून गाडी उचलली जाऊ शकते. म्हणून शाफ्टभोवतीचा लोखंडी गार्ड 'आड येतो' म्हणून काढून ठेवू नये.

बाकीचं पटकन. फ्लँजवरचा रंग आणि गंज खरवडून तोंडं स्वच्छ करा. बोल्ट त्याच ग्रेडचे, नट नवे, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. क्रॉसमध्ये ग्रीस चारही टोप्यांतून बाहेर दिसेपर्यंत भरा. तीन टोप्यांतून आलं आणि चौथीतून नाही, तर ती चौथीच आधी जाते. नव्या हाउसिंगचा रेशो वेगळा असेल तर गिअरबॉक्सवरून चालणारा स्पीडोमीटर खोटा वेग दाखवेल, हे ड्रायव्हरला सांगून ठेवा. पहिली खेप झाली की बोल्ट परत तपासायला गाडी बोलवा. मिस्त्री त्यासाठी वेगळे पैसे घेत नव्हते.